घरचा संगणक मुक्त करण्याबाबत

ज्या घरात एखादी वस्तू विनातक्रार चालत असते, त्या घरात ती सुधारण्याची गरज सगळ्यात तीव्र असते. बिघडलेल्या वस्तूच्या वाटेला कोणी जात नाही. तिला एक कोपरा मिळतो, अंगावर फडकं मिळतं आणि ती सुखाने राहते. चालणाऱ्या वस्तूला मात्र हितचिंतक असतात. आमचा संगणक कित्येक वर्षं चालत होता आणि त्याचे हितचिंतक म्हणजे आमचे जावई.

जावई अत्यंत सज्जन आहेत, हे आधीच नमूद करतो. त्यांना कसलंही व्यसन नाही. (चहासुद्धा घेत नाहीत. त्यामुळे सासुरवाडीला आले की त्यांच्या हातांना काही काम नसतं. पुढचा सगळा प्रकार त्यातूनच उद्भवला असावा.) एका रविवारी ते संगणकासमोर बसले, दोन-चार टिचक्या मारल्या आणि डॉक्टरने रोग्याचं मनगट सोडावं तसा माउस सोडून म्हणाले, "बाबा, हा संगणक तुमचा नाहीये."

मी घाबरलो. माझी हयात पाणीपुरवठा खात्याच्या पत्रव्यवहार विभागात गेली. असल्या वाक्यानंतर साधारणपणे चौकशी समिती येते.

"म्हणजे घेतलाय तुम्हीच," ते म्हणाले, "पण आतलं सॉफ्टवेअर कंपनीचं. ते काय करतं, कसं करतं, तुम्हाला उघडून बघता येतं का?"

तोवर मला उघडून बघावंसं कधी वाटलं नव्हतं. पण बघता येत नाही म्हटल्यावर आपल्यावर मोठा अन्याय झालाय असं वाटायला लागलं. जावयांकडे उपाय तयार होता. जगभरच्या सज्जनांनी मिळून लिहिलेलं, कोणालाही उघडून बघता येईल आणि हवं तसं बदलता येईल असं मुक्त सॉफ्टवेअर असतं. ते बसवलं की संगणक मुक्त होतो.

"पण पुढच्या रविवारी आक्काशी बोलता येईल ना?" स्वयंपाकघराच्या दारातून आमची ही म्हणाली.

"आई, मुक्त झाल्यावर काय वाट्टेल ते करता येतं."

हे उत्तर होकारार्थी आहे, असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो.

आक्का म्हणजे हिची थोरली बहीण. परदेशात मुलाजवळ राहते. दोघींची अकरा वर्षं बोलाचाली बंद होती. कारण, आईचं शिवणयंत्र. आई गेल्यावर ते कोणी ठेवायचं हे ठरायच्या आत हिने ते टेम्पोत घालून घरी आणलं. त्यावरून फोनवर जे झालं त्याच्या शेवटी दोघींनी एकमेकींशी पुन्हा फोनवर न बोलण्याच्या शपथा घेतल्या, आणि त्या दोन्ही बाजूंनी काटेकोर पाळल्या. पुढे आमच्या मुलीच्या लक्षात आलं की शपथ फोनपुरती आहे, व्हिडिओ कॉलचा तीत उल्लेख नाही. हिने विचारांती निर्वाळा दिला की मोबाइलवरचा व्हिडिओ कॉल हा फोनच मानला जाईल, संगणकावरचा मात्र चालेल. आक्काकडूनही त्यास मान्यता आली. मावशी आणि आई यांच्यातला हा तह घडवून आणायला मुलीला वर्ष लागलं होतं, आणि त्यातला पहिला कॉल पुढच्या रविवारी ठरला होता.

संगणक ठेवला होता तो त्याच शिवणयंत्रावर. यंत्रावर आजवर कोणी टाकासुद्धा घातलेला नाही. उंचीला बरं पडतं.

मुक्तीचं काम सुरू झालं. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये निवडीचं स्वातंत्र्य अफाट असतं. पडद्यावरची खिडकी बंद करायचं बटण डावीकडे हवं की उजवीकडे, घड्याळ गोल हवं की चौकोनी, फाइल उघडायला एक टिचकी की दोन, हे सगळं आम्हाला विचारण्यात आलं. घरात माझं मत इतक्या बाबतींत कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. मी भारावून गेलो आणि प्रत्येक ठिकाणी 'जे आहे तेच राहू द्या' असं उत्तर दिलं. बटण डावीकडेच राहिलं.

त्यानंतर हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडली. खरी कामं तिच्यातच होतात. जावयांनी मला पासवर्ड टाकायला सांगितला. मी टाकला, पण पडद्यावर काहीच उमटेना.

"उमटत नाही, बाबा. सुरक्षिततेसाठी."

"मग बरोबर पडला की नाही हे कसं कळायचं?"

"चुकला की कळतं."

चुकलाच. एकदा नव्हे. शेवटी खिडकीने कळवलं की मला हे काम करण्याचा अधिकार नाही आणि सदर प्रकाराची नोंद करून तो वर कळवण्यात येईल. "कोणाला कळवणार?" मी विचारलं.

"प्रशासकाला. म्हणजे तुम्हालाच."

"माझी तक्रार माझ्याकडे?"

"हो."

तेव्हा मला पहिल्यांदा त्या संगणकाबद्दल आपुलकी वाटली. खात्यात आमची हीच पद्धत होती.

रविवार उजाडला. ही ठेवणीतली साडी नेसून यंत्रासमोर बसली. आक्का पडद्यावर आली. केस पांढरे झालेले, चष्मा जाड. तो वर सरकवून तिने हिला न्याहाळलं. मग आक्का म्हणाली, "चिमे, बोल की."

ही बोलली. आक्काला काहीच गेलं नाही. माइक मुक्त झाला होता, म्हणजे त्याच्यावर कोणाचंही नियंत्रण उरलं नव्हतं. शिवाय कॅमेरा पहिलं चित्र पाठवून जो थांबला तो थांबलाच. ते चित्र नेमकं, ही खाली वाकून पदर सारखा करत असतानाचं. त्यामुळे पलीकडे आक्काला दिसत होती ती मान खाली घालून गप्प बसलेली धाकटी बहीण. अलीकडे प्रत्यक्षात ही उभी राहून, बोट रोखून म्हणत होती, "आईचं औषधपाणी केलं कोणी? रात्री उशाशी बसलं कोणी? आणि मशीन म्हणे माझं!"

आक्का बराच वेळ त्या खाली घातलेल्या मानेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "असू दे. नको बोलूस. मला कळतंय."

ही चपापून खाली बसली. जन्मात प्रथमच आक्काला काहीतरी कळलं होतं.

जावयांनी दुरुस्ती लगेच हाती घेतली. आवाजाची यंत्रणा काढून दुसरी बसवली, मग दुसरी काढून पहिली. या काळात संगणकाचं घड्याळ आक्काच्या देशाप्रमाणे चालू लागलं, प्रिंटर मधूनच आपण होऊन कोरे कागद सोडू लागला, पण माइक ढिम्म. तेव्हा जावयांनी जगभरच्या सज्जनांना विचारलं. उत्तरं भरभरून आली. निम्म्या लोकांचं म्हणणं, असला माइक मुळात घ्यायलाच नको होता. एक तृतीयांश लोक आपसांत भांडले. एकाने अचूक उत्तर दिलं, पण ते वेगळ्या संगणकाचं होतं. आणि एका अनुभवी सदस्याने शांतपणे विचारलं, "तुम्हाला बोलायची गरज का वाटते?"

त्याला जावयांनी रागाने उत्तरच दिलं नाही. आता वाटतं, द्यायला हवं होतं. आभाराचं.

कारण दर रविवारी आक्काचा कॉल येत राहिला. सुरुवातीला ही तिच्या प्रत्येक वाक्याला उत्तर देई, यंत्रावर हात आपटे. पण उत्तर पोचत नाही म्हटल्यावर ते द्यायचा उत्साह किती टिकणार? हळूहळू ही नुसती ऐकू लागली. समोर मटार सोलायला घेऊन बसे. आक्का आधी हवापाण्याचं बोलली, मग सुनेचं, गुडघ्यांचं. आणि एका रविवारी थांबून म्हणाली, "चिमे, मशीनचं काही नव्हतं गं. आई जायच्या वेळी मी आले नाही. तिकीट मिळत नाही म्हणून कळवलं. मिळत होतं. मला आईला तसं बघायचं नव्हतं. ते सांगता येईना, म्हणून मशीनवरून भांडले."

हिच्या हातातली शेंग तशीच राहिली. कॉल संपल्यावर ती मला म्हणाली, "हे तिने तेव्हाच का नाही सांगितलं?"

'तेव्हा तू बोलत होतीस' हे उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. (मी ते गिळलं. मी संगणकाइतका मुक्त नाही.)

अशा रीतीने सगळं सुरळीत चाललेलं असताना माइक दुरुस्त झाला. जावयांनी केला नाही. एक अपडेट आलं, ते कोणी मागवलं नव्हतं, आणि कॅमेऱ्यासकट सगळं चालू लागलं. जावयांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या रविवारी सगळं कुटुंब पडद्यासमोर गोळा झालं.

"आक्का," ही म्हणाली, "ऐकू येतंय?"

पलीकडे आक्काने तोंडावर हात धरला. "येतंय गं! अगदी आईसारखा आवाज झालाय तुझा."

दोघी रडल्या. मुलगी रडली. मीही रुमाल शोधला. तो सापडेपर्यंतचा काळ आमच्या घराच्या इतिहासातला सर्वात सुखाचा म्हणता येईल.

मग ही म्हणाली, "आईसारखा म्हणजे? म्हातारा?" बोलताना हात लागून कॅमेरा खाली वळला.

"तसं नाही म्हटलं मी. आणि हे काय, संगणक कशावर ठेवलायस? चिमे, आईच्या मशीनचं टेबल केलंस?"

"केलं! यायचं होतंस न्यायला. तिकीट मिळत होतं ना?"

पडदा काळा झाला. आवाज अत्यंत स्पष्ट पोचला होता, याबद्दल मात्र दोन्ही बाजूंचं एकमत असावं.

पुढचा रविवार रिकामा गेला. त्याच्या पुढचाही. ही मटार घेऊन बंद पडद्यासमोर बसे आणि न सोलताच उठे. शेवटी जावयांना म्हणाली, "जावईबापू, ते आधीसारखं बिघडवून द्या."

जावयांनी शर्थ केली. पण बिघडवण्यासाठी आधी कसं बिघडलं होतं ते माहीत असावं लागतं. सज्जनांना विचारलं, तर पहिल्यांदाच सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं की या सॉफ्टवेअरमध्ये आवाज बिघडणं शक्यच नाही.

"माइकची वायरच काढू या ना," मुलगी म्हणाली.

"नको," ही म्हणाली. "काढलेली वायर मला लावता येते. मी लावीन."

आणि तिसऱ्या रविवारी आक्काचा कॉल आला. आक्का समोर बसलेली, ओठ हलताहेत, हातवारे चाललेत, पण आवाजाचा पत्ता नाही. "आक्का, आवाज येत नाही," ही ओरडली. पलीकडे काही पोचल्याचं चिन्ह नाही. जावई पडद्याच्या अगदी जवळ गेले, निरखून बघितलं आणि सद्गदित होऊन म्हणाले, "आई, मावशींच्या चष्म्यात त्यांचा पडदा दिसतोय. खिडकीचं बटण डावीकडे आहे. मावशींनी आपलंच बसवलंय."

मागाहून कळलं, की जावयांनी पूर्वी दिलेला सल्ला मानून आक्काच्या मुलाने, म्हणजे आमच्या भाच्याने, तिचाही संगणक मुक्त केला होता. तिथे ना आवाज जात, ना येत.

ही थोडा वेळ हलणाऱ्या ओठांकडे बघत राहिली. मग खुर्ची पुढे ओढून बोलू लागली. अकरा वर्षांचं बोलली. शेवटी अगदी हळू म्हणाली, "मी पण घाबरले होते गं. मशीन तेवढं हाताशी होतं, म्हणून उचललं." आक्का त्याच वेळी काहीतरी सांगत होती आणि डोळे पुसत होती. (किंवा कांदा चिरत होती. चित्र फारसं स्पष्ट नसतं.)

तेव्हापासून दोघी दर रविवारी दोन-दोन तास बोलतात. एकमेकींचा शब्दही पोचत नाही आणि अद्याप एकदाही खटका उडालेला नाही. उठताना ही समाधानाने म्हणते, "किती समजुतीने बोलली आज आक्का!" भाचा दुरुस्ती करू का विचारतो, तेव्हा जावई त्याला अपडेट बंद ठेवायला सांगतात. ते आता चहाही घेऊ लागले आहेत.

वृत्तांत संपवण्यापूर्वी वाचकांचे आभार मानणं माझं कर्तव्य आहे. इतकं सगळं आपण मान खाली घालून, समंजसपणे ऐकून घेतलंत. मध्ये आपण काही म्हणालाही असाल. हरकत घेतली असेल, हसला असाल, 'आमच्याकडे हे असलं काही चालत नाही' असं ठणकावून सांगितलंही असेल. त्यातलं काहीच माझ्यापर्यंत आलेलं नाही. आपल्यासारखं माणूस मला घरात आजवर भेटलं नाही.