नट पलीकडून आवळायचा असतो

रविवारी सकाळी डॉक्टर गॅरेजमध्ये स्क्रू-ड्रायव्हर शोधायला गेले आणि पाऊण तासाने हात हलवत परत आले. डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. स्वयंपाकघरातल्या कपाटाची निखळलेली बिजागरी त्यांनी शेवटी दाढेतली कीड खरवडायच्या आकड्याने बसवली. त्यांची बायको शाळेत मुख्याध्यापिका होती. त्यामुळे ती ओरडली नाही, तिने फक्त चष्मा काढला.

"आता हे परत कुणाच्या तोंडात जाणार?"

"उकळून घेतो ना."

"आधी ते गॅरेज आवरा. तिथे हत्ती हरवला तरी सापडायचा नाही."

दुपारी डॉक्टर पेगबोर्ड घेऊन आले. सहा फूट लांब, चार फूट उंच, अंगभर बारीक भोकं. भोकांत हुक अडकवायचे, हुकांवर हत्यारं टांगायची, की सगळं डोळ्यांसमोर. बायकोने बोर्ड खालून वर न्याहाळला आणि म्हणाली, "नुसती भोकंच आहेत. तुमच्या धंद्याला शोभेसं आणलंत."

डॉक्टरांनी बोर्ड भिंतीला लावला, ड्रिल चालवलं, वीस स्क्रू पिळले. बोर्ड भिंतीला असा चिकटला की मुंगी मागे गेली नसती. मग त्यांनी पहिला हुक घेतला. हुकाचं नाक भोकात शिरलं, भिंतीवर आपटलं आणि तिथेच थांबलं. दुसऱ्या भोकात तेच. असं करत डॉक्टरांनी एकोणीस भोकं तपासली.

बायकोने खोक्यातला कागद उचलला. "बोर्डाच्या मागे लाकडी पट्ट्या ठोकून बोटभर जागा सोडावी, म्हणजे हुक वळतो. पहिल्याच ओळीत लिहिलंय."

"मी दुसऱ्या ओळीपासून वाचलं."

वीस स्क्रू परत निघाले. सोमवारी पट्ट्या आल्या. आता स्क्रू लांब लागले, भोकं मोठी लागली, आणि भिंतीने आपला खरा स्वभाव दाखवला. ड्रिल टेकवलं की गिलावा भुरूभुरू गळायचा. स्क्रू धरायला प्लास्टिकची गुट्टी ठोकली की ती भोकात फिरत राहायची. डॉक्टरांनी भिंतीवर बॅटरी मारून पाहिलं आणि सवयीने म्हणाले, "हिरडीच सैल आहे."

त्यांनी भोकांत दाताचं सिमेंट भरलं. ते महागातलं सिमेंट आहे, हे बायकोला कळू नये म्हणून डबा खिशात ठेवला.

संध्याकाळी एक ट्रकड्रायव्हर दाढ काढायला आला. चांगला धिप्पाड गडी, पण सुई बघून घामाघूम झालेला. इंजेक्शन दिल्यावर दहा मिनिटं थांबावं लागतं. ती वाया घालवणं डॉक्टरांच्या जिवावर आलं.

"तुम्ही जरा माझ्याबरोबर गॅरेजात येता? नुसती एक पाटी धरायचीय."

ड्रायव्हरने बोर्ड एकहाती उचलून धरला. डॉक्टरांनी वरचे स्क्रू पिळले आणि उरलेले वेचायला पाठ करून खाली वाकले. तेवढ्यात वरचे दोन स्क्रू सिमेंटासकट बाहेर डोकावले. ड्रायव्हर बधिर झालेल्या तोंडाने म्हणाला, "घवतंय."

"गार वाटतंय? वाटणारच."

"घवतंय, घवतंय."

"घाबरू नका. आणखी पाच मिनिटांनी जीभसुद्धा कळणार नाही."

'घसरतंय' म्हणता म्हणता बोर्ड घसरलाच. आधी पट्ट्या आल्या, मग बोर्ड, मग गिलाव्याचा पोपडा, आणि शेवटी पत्र्याच्या डब्यातले सगळे खिळे. आवाज शांत झाला तेव्हा ड्रायव्हर पांढराफटक होऊन उभा होता आणि डॉक्टर बोर्डाखालून विचारत होते, "तुम्हाला काही दुखलं का?" ड्रायव्हरने मान हलवली. दाढ इतकी मुकाट्याने काढून घेणारा पेशंट डॉक्टरांना आजवर भेटला नव्हता.

मंगळवारी डॉक्टर हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदाराने सगळं ऐकलं, भिंत किती जाडीची ते विचारलं आणि म्हणाला, "चार इंची भिंतीला गुट्टी धरायची नाही. आरपार बोल्ट घाला. आठ बोल्ट. पण नट पलीकडून आवळायचा असतो. पलीकडे काय आहे?"

"भाऊ आहे," डॉक्टर म्हणाले.

"मग सोपंच झालं."

डॉक्टरांनी आठ बोल्ट बांधून घेतले.

गॅरेज पूर्वी एकच होतं, दोन्ही भावांचं. थोरले भाऊ कारखान्यात टर्नर होते. उमेदीची सगळी वर्षं लेथ मशीनवर घालवून निवृत्त झालेले. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, तर त्यांना अर्धा सूतसुद्धा नुसत्या नजरेने कळायचा. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांची दाढ काढली. थोरले म्हणाले, चुकीची काढली. डॉक्टर म्हणाले, बरोबर काढली. तिसऱ्या दिवशी गॅरेजच्या मधोमध विटा येऊन पडल्या. तेव्हापासून दोघांत शब्द नव्हता. जावाजावांचं मात्र मागच्या पायऱ्यांवर रोज बोलणं असे. त्यांनी नवऱ्यांचं भांडण नवऱ्यांकडेच ठेवलं होतं.

डॉक्टरांनी बेत केला. थोरले दोन ते चार झोपतात. तेवढ्यात भोकं पाडायची, बोल्ट सारायचे, वहिनींनी गुपचूप नट आवळायचे. जावांनी मान डोलावली. बुधवारी दुपारी डॉक्टरांनी बोर्ड दोन स्टुलांवर उभा केला, एका टोकाला बायकोला उभं केलं आणि हातभर लांबीची सळई ड्रिलला लावली.

नेमकं त्या दिवशी थोरल्यांना झोप लागली नाही, आणि वहिनींना खबर द्यायला सवड मिळाली नाही. ते आपल्या अर्ध्या गॅरेजात खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते. समोर भिंतीवर खिळ्याला त्यांचा कामाचा शर्ट टांगलेला होता. भिंत घुरघुरायला लागली. मग शर्टाच्या पोटात काहीतरी टोचल्यासारखं झालं. शर्ट शहारला, त्याने एक गिरकी घेतली, आणि तो दोन्ही बाह्या पसरून गरगरा फिरायला लागला. थोरल्यांच्या चष्म्याला एक बटण येऊन लागलं.

ड्रिल अडकून बंद पडलं. मग भिंतीतून दोन वर्षांनी पहिला शब्द आला.

"डॉक्टरसाहेब, आमचा शर्ट सोडा."

डॉक्टरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. दादाने त्यांना जन्मात कधी अहोजाहो केलं नव्हतं. "सोडतो. चुकून झालं."

"आपल्याकडून चुकूनच होतं सगळं."

बायकोने डोळ्यांनी खुणावलं, बोला काहीतरी. डॉक्टरांनी सळई उलटी फिरवून काढली. शर्टाची एक चिंधी भोकातून अलीकडे आली.

"इथे एक बोर्ड लावतोय," डॉक्टर भोकाशी तोंड नेऊन म्हणाले. "बोल्ट आरपार घालायचेत. नट पलीकडून आवळायला लागतो."

"मग आवळा. आपल्याला कुणी अडवलंय?"

"मी अलीकडे आहे."

"ते दिसतंय. भोकातून डोळा दिसतोय आपला."

स्टूल कुरकुरलं. बोर्डाचा सगळा भार आता डॉक्टरांच्या खांद्यावर होता. बायकोचं टोकही खाली यायला लागलं होतं. "अहो, मला तासभर धरता यायचं नाही," ती हळूच म्हणाली. "बोलून टाका एकदाचं. बोर्ड पडण्यापेक्षा मान खाली गेलेली बरी."

डॉक्टरांनी श्वास घेतला. "दादा, दाढ चुकीची काढली होती."

"काय?"

"चुकीची दाढ काढली होती."

"मोठ्याने बोल. भोक बारीक आहे."

"शेजारची काढली," डॉक्टर ओरडले. "एक्स-रे उलटा धरला होता. संध्याकाळीच लक्षात आलं. पण तू चारचौघांत बोललास, मग माझ्याच्याने कबूल होईना."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि भोकात एक डोळा आला.

"गाढवा," डोळ्याच्या मागून थोरले म्हणाले, "दोन वर्षं एका बाजूने जेवतोय मी."

"म्हणजे दुखरी दाढ अजून तशीच आहे? दुसऱ्या कुणाला दाखवली नाहीस?"

"घरचा डॉक्टर असताना दुसऱ्याकडे कसा जाऊ? लोक काय म्हणतील."

मुख्याध्यापिकाबाईंनी बोर्ड धरल्या धरल्या दंडाने डोळे पुसले. डॉक्टरांनी पहिला बोल्ट भोकात सारला. पलीकडून तो कुणीतरी धरला, हलवून पाहिला, आणि नट फिरू लागला. इतका सफाईदार, की डॉक्टरांच्या हातातला पाना जागचा हलला नाही.

"पुढचं भोक पाड," थोरले म्हणाले. "आणि सळई सरळ धर. दाढ नाहीये ती."

पाच वाजेपर्यंत आठही बोल्ट बसले. डॉक्टरांनी बोर्डाला लटकून पाहिलं. बायकोलाही लटकायला सांगितलं, तिने ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढ निघाली, ह्या खेपेला बरोबर तीच. जबड्यात कापूस दाबून थोरले दोन वर्षांनी पहिल्यांदा अलीकडच्या गॅरेजात आले. बोर्डासमोर हात मागे बांधून ते बराच वेळ उभे राहिले. मग एक डोळा मिटला.

"डावा कोपरा अर्धा सूत खाली आहे."

"चालेल रे दादा."

"तुझ्याकडे चालतं. मी टर्नर आहे."

ते घाईघाईने पलीकडे गेले. आठ नट सैल झाले, कोपरा उचलला, आठ नट आवळले. भिंतीआडून बोलणं चालू होतं. कारखान्यातला कुठला फोरमन, शाळेतला कुठला मास्तर, कुणी कुणाची सायकल पंक्चर केली होती. शुक्रवारी थोरल्यांना उजवा कोपरा खाली दिसला. शनिवारी मध्ये पोट आल्यासारखं वाटलं. हत्यारं अजून जमिनीवरच्या टबात पडली होती.

रविवारी दोघे चहाला आत गेले तेव्हा मुख्याध्यापिकाबाई एकट्याच गॅरेजात आल्या. टबाच्या तळातून त्यांनी बुडबुड्याची लेव्हलपट्टी शोधून काढली आणि बोर्डाच्या वरच्या कडेवर ठेवली. बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मध्ये येऊन थांबला. त्यांनी पट्टी उलटी करून पुन्हा ठेवली. बुडबुडा तिथेच. त्यांनी पट्टी पुसली, टबाच्या तळाशी नीट दडवली आणि वर दोन जड हातोडे ठेवले.

मागच्या पायऱ्यांवर मोठ्या जाऊबाई कपडे वाळत घालत होत्या.

"झाला का ग बोर्ड?"

"कुठला, ताई. अर्धा सूत आहे म्हणे अजून."

"वाटलंच मला," जाऊबाई चिमटा लावत म्हणाल्या. "ह्यांनी आज सकाळी जाऊन चाळीस नट आणलेत. म्हणाले, असू देत, एखादा सैल पडायचा."