सीटखालचा कॉम्प्रेसर

"मेकॅनिक? मेकॅनिक कशाला हवाय? चार बोल्ट आणि दोन वायरी! एवढ्यासाठी परक्या माणसाचे हात लावायचे बाबांच्या जीपला?"

जावईबापूंनी हे वाक्य सासुरवाडीच्या दिवाणखान्यात, चहाचा कप हातात धरून उच्चारलं आणि शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोनं डोळे मिटून घेतले. तिला सवयच होती. मागे "मिक्सर ना? मीच बघतो!" हे ऐकून तिनं असेच डोळे मिटले होते. तो मिक्सर अजून चालतो. फक्त त्याला धरायला दोन माणसं लागतात आणि तिसरं लांब उभं राहतं.

माणूस वाईट नव्हता हो! पाणीपुरवठा कचेरीत हेडक्लार्क, कामाला चोख, स्वभावानं गरीब. पण कुठलंही यंत्र दिसलं की त्यांच्या अंगात यायचं.

आता प्रश्न जीपचा होता. सासरे जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले. ही जीप त्यांनी डोंगरातून, ओढ्यातून, चिखलातून, जिथं बैल थांबतो तिथून पुढे नेली होती. मग डॉक्टरांनी त्यांचे डोळे तपासले आणि सांगितलं, की यापुढे गाडीत जरूर बसा, पण शेजारी. तेव्हापासून घरात दोन पक्ष पडले होते. मेहुणा म्हणत होता, विकून टाकू. विटांचा एक व्यापारी मागे लागलाय, त्याला विटा वाहायला चालती गाडी हवीच आहे. विटा! जावईबापू ताडकन उठलेच. लग्न ठरल्यावर सासऱ्यांनी त्यांना याच जीपमधून फिरवून आणलं होतं. त्या दिवसापासून त्यांचं तिच्यावर मन बसलं होतं, आणि त्या दिवसापासून सासऱ्यांनी एकदाही स्टिअरिंग त्यांच्या हाती दिलं नव्हतं.

शेवटी सासऱ्यांनीच तोड काढली.

"रविवारी नदीवर जाऊ. जावईबापू, तुम्ही गाडी वाळूत उतरवा, फिरवा आणि तिच्या स्वतःच्या चाकांवर घरी आणा. जमलं तर किल्ली तुमची. नाही जमलं तर हा म्हणतो तसं."

"घोडामैदान जवळच आहे!" मेहुणा म्हणाला आणि व्यापाऱ्याला फोन करायला बाहेर गेला.

वाळूत गाडी घालायची तर टायरमधली निम्मी हवा सोडावी लागते. टायर पसरट होतो, रुतत नाही. पण परत रस्त्यावर यायचं तर ती हवा पुन्हा भरावी लागते. सासरे आयुष्यभर हातपंपानं भरत आले होते. जावईबापूंनी मात्र कॉम्प्रेसर आणला! बॅटरीवर चालणारं, हवा भरणारं यंत्र, गाडीतच कायमचं बसवायचं. बटण दाबलं की हवा! तेच ते चार बोल्ट आणि दोन वायरी.

शनिवारी सकाळी अंगणात काम सुरू झालं. जागा ठरली ड्रायव्हरच्या सीटखाली. सीट वर उचलून जावईबापू कमरेपर्यंत आत शिरले. बाहेर नुसते पाय! तासाभरात एक नट हरवला, तो शोधताना पाना हरवला, पाना शोधताना नट सापडला तर तो दुसराच निघाला.

तेवढ्यात सासूबाई आल्या. सासूबाईंबद्दल आधीच सांगायला हवं होतं. त्यांच्या गळ्यात कायम शिंप्याची टेप असे आणि घरातली कुठलीही वस्तू त्यांना उघडी बघवत नसे. फ्रिजला कव्हर, फ्रिजच्या दांडीला कव्हर, मिक्सरला कव्हर, रिमोटला कव्हर. शिवणयंत्राला कव्हर, आणि ते धुवायला काढलं की घालायला दुसरं. तुम्ही त्यांच्या घरी जरा वेळ हलला नाहीत, तर त्या तुमच्याकडेसुद्धा अंदाज घेतल्यासारखं बघतात.

"जावईबापू, हे असं उघडंच राहणार का?" त्यांनी विचारलं. "धूळ बसेल हो!"

जावईबापूंच्या दातांत दोन स्क्रू होते. तरी ते ऐटीत म्हणाले, "धूळ? छे छे! धूळ अजिबात चालायची नाही, आई! याच्यावर कणभरसुद्धा धूळ बसता कामा नये!"

"मग ठीक आहे. हात जरा बाजूला घ्या बघू."

त्यांनी हात बाजूला घेतला. सासूबाई रिकामा कप उचलताहेत असं त्यांना वाटलं.

दुपारी चाचणी झाली. बटण दाबलं आणि 'घर्रर्र!' स्टेपनीचा टायर बघता बघता टणक! सासऱ्यांनी त्याच्यावर दोनदा बुक्की मारून पाहिली आणि "हं" म्हणाले. सासऱ्यांचं "हं" म्हणजे कचेरीत पदक मिळण्यासारखं. जावईबापूंनी सीट खाली पाडली, हात धुतले आणि संध्याकाळभर बायकोकडे "बघितलंस?" अशा नजरेनं बघत राहिले.

रविवारी सगळं घर जीपमध्ये बसून नदीवर गेलं. जावईबापूंनी चारही टायरांची हवा सोडली, 'फुस्स फुस्स' करत, प्रत्येक टायरपाशी जरा थांबून, लोक बघताहेत ना याची खात्री करून! मग जीप वाळूत उतरली. आणि काय चालली म्हणता! गर्रकन वळण घेतलं, चढाव चढली, पाण्याच्या कडेनं धावली. सासरे शेजारच्या सीटवर लहान मुलासारखे पुढे वाकून बसले होते. "डावीकडे घ्या! आता दाबा! शाब्बास!" जावईबापूंचा जीव सुपाएवढा झाला.

इथंच थांबले असते तर? पण नाही. नदीवर सहलीला आलेली माणसं जीपभोवती जमली. कुणीतरी विचारलं, "आमच्या मुलीची पोहायची ट्यूब भराल का हो?"

"आणा ना! बटण दाबायचंय फक्त!"

घर्रर्र! ट्यूब फुगली. मग फुटबॉल आला. मग आणखी तीन ट्यूबा, रबरी होडी, वाढदिवसाचे फुगे. एक जाडजूड गृहस्थ हवेची गादी घेऊन आले. जावईबापू नळी हातात घेऊन रांग लावत होते. "गर्दी करू नका! सगळ्यांना हवा मिळेल!"

"भावोजी, आपले टायर?" मेहुण्यानं विचारलं.

"अरे, पाहुणे आधी!"

सगळ्यांचं सगळं फुगलं. मग जावईबापूंनी नळी ऐटीत जीपच्या पुढच्या चाकाला लावली आणि बटण दाबलं.

घर्र. घ. मग काहीच नाही.

पुन्हा दाबलं. काहीच नाही!

"फ्यूज!" जावईबापू म्हणाले. फ्यूज चांगला होता. "बटणच डुप्लिकेट!" बटण काढलं, वायरी थेट जोडल्या. एक ठिणगी उडाली, सासूबाईंनी किंकाळी मारली, कॉम्प्रेसर गप्प. "बॅटरीचा दोष!" बॅटरीनं हॉर्न खणखणीत वाजवून दाखवला.

"नाचता येईना, अंगण वाकडं," मेहुणा कोणाकडेही न बघता म्हणाला.

"एकदा यंत्रच बघा ना उघडून," बायको म्हणाली.

"यंत्राला काय धाड भरलीय? ते मी स्वतः बसवलंय!"

मेहुण्यानं फोन काढला. "हां शेठ, आहे नदीवरच. या तुम्ही, इथंच सौदा करू." बसक्या टायरांवर जीप रस्त्यानं नेली तर टायर फाटणार, आणि नाही नेली तर विटा! सासरे वाळूत बसून पुढच्या चाकाकडे बघत होते. जावईबापूंना त्यांच्याकडे बघवेना.

तेवढ्यात गादीवर पहुडलेले ते जाडे गृहस्थ उठून आले. "माझ्याकडे पायाचा पंप आहे. देऊ का? गादीबरोबर मिळाला होता."

"पंप होता? मग मघाशी गादी माझ्याकडून कशाला भरून घेतलीत?"

"तुम्ही एवढ्या हौसेनं बोलावत होतात. मन मोडवेना हो!"

पंप इवलासा. जावईबापू त्याच्यावर नाचायला लागले. घामाच्या धारा लागल्या, टायर ढिम्म! जमलेली पोरं टाळ्या वाजवून ताल धरायला लागली.

"काहीतरी जळतंय," सासरे एकदम म्हणाले. डोळे अधू असले तरी नाक शाबूत होतं. ते उठले, वास घेत घेत जीपपाशी गेले आणि ड्रायव्हरची सीट वर उचलली.

सगळे आत वाकले.

सीटखाली कॉम्प्रेसर नव्हताच. एक झबलं होतं! फुलाफुलांचं कापड, आत जाड स्पंज, कडेला निळी पायपिंग, चार टिचबटणं आणि नळी बाहेर यायला नीट काज केलेलं. अंगाबरोबर बसलेलं! आत कॉम्प्रेसर तापून लाल झाला होता. फार तापला की आपोआप बंद पडायची सोय त्याला होती, आणि त्यानं ती इमानानं वापरली होती. स्पंज वितळून काळा पडला होता.

"अगं बाई! माझं कव्हर!" सासूबाईंनी ते फडक्यानं धरून बाहेर काढलं. मधोमध भोक पडलं होतं. "काल सगळी दुपार घातली मी याच्यात! रात्री गुपचूप चढवलं! जावयाची हौस, म्हणून नवं कापड फाडलं!" त्यांचे डोळे भरून आले.

जावईबापूंच्या तोंडात बरंच काही आलं होतं. पण सासूबाईंचा चेहरा बघितला आणि त्यांनी ते गिळलं.

"कव्हर उत्तम होतं, आई. चूक माझी. कणभर धूळ नको, असं मीच म्हणालो होतो."

सासऱ्यांनी त्यांच्याकडे वळून नीट पाहिलं.

ओल्या फडक्यानं कॉम्प्रेसर निववला. जरा वेळानं बटण पुन्हा जोडून दाबलं आणि घर्रर्र! एक टायर भरायचा, यंत्राला दम खाऊ द्यायचा, मग दुसरा. चौथा टायर भरत आला तेव्हा विटांचा व्यापारी येऊन पोचला. जीप त्याच्या समोरून, स्वतःच्या चाकांवर, घरी निघून गेली.

अंगणात उतरल्यावर सासऱ्यांनी जीपमधून किल्ली काढली आणि जावईबापूंच्या हातावर ठेवली.

"बाबा!" मेहुणा ओरडला. "एवढं सगळं बघूनसुद्धा?"

"बघितलं म्हणूनच," सासरे शांतपणे म्हणाले. "तुझ्या हाती दिली तर उद्यापासून विटा वाहील. यांच्या हाती दिली, तर चार बोल्ट आणि दोन वायरी करता करता ही आता या अंगणातून हलायची नाही. रोज सकाळी खिडकीतून मला दिसेल तरी."

सगळे हसले. जावईबापूही किल्ली छातीशी धरून मनापासून हसले. सासऱ्यांच्या बोलण्याचा अर्थ त्यांना घरी परतताना, बसमध्ये लागला.

पण त्याआधीच, हसणं ओसरतंय तोवर, सासूबाई टेपचं एक टोक जीपच्या बॉनेटवर ठेवून दुसरं टोक मागच्या चाकापर्यंत घेऊन गेल्या होत्या.

"अगं, हिला नको!" सासरे कळवळून म्हणाले. "मला दिसायची कशी मग?"

"धूळ बसते हो," सासूबाई म्हणाल्या. "जावईबापू, सांगा ना यांना! कणभरसुद्धा बसता कामा नये ना?"

जावईबापूंनी बायकोकडे पाहिलं. तिनं डोळे मिटून घेतले होते. मग त्यांनीही मिटले.