अक्कासाठी केलेली खोली

"रविवारी येते. चार दिवस तुझ्याकडे, चार दिवस धाकट्याकडे. मग कायमचं कुठं राहायचं ते ठरवते," एवढं बोलून अक्काने फोन ठेवला, आणि नकाशेकाका मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले.

खोलीत एक सागवानी पलंग होता, एक लोखंडी कपाट होतं, आणि समोरच्या भिंतीवर ओलीचा असा एक डाग होता, की येणाऱ्याला आधी तो दिसे आणि खोली नंतर. धाकट्या भावाच्या घरी अक्कासाठी जी खोली तयार होती तिला गॅलरी होती, आणि तिथले पडदे बटण दाबलं की सरकत. हे धाकट्यानेच फोटो पाठवून कळवलं होतं.

"ही खोली आपण नवी करायची," काका म्हणाले.

"कशाने?" काकूंनी विचारलं. त्याच महिन्यात पाण्याची मोटर जळली होती, त्यामुळे प्रश्न रास्त होता.

"आहे त्यातनं."

"आहे त्यात डाग आहे."

"अक्का इथंच राहणार," काका म्हणाले. हे डागाचं उत्तर नव्हतं, पण काकूंनी खोली झाडायला घेतली. इतक्या ठाम आवाजात काका वर्षातून एखाद्या वेळीच बोलत आणि बोलून झाल्यावर स्वतःच दचकत.

काकांना अक्का हवी होती. ती का हवी हे मात्र त्यांना नीट सांगता आलं नसतं. काकूंशी त्यांचं भांडण होत नसे, शेजारी त्यांना मान देत, आणि 'गाढवा' अशी हाक मारणारं माणूस आता जगात एकच उरलं होतं. ते माणूस बटणाच्या पडद्यांआड जाणार, या कल्पनेने त्यांना जेवण गोड लागेना.

काकांनी चौतीस वर्षं जमीनमोजणीच्या कचेरीत शेतांचे आणि प्लॉटांचे नकाशे काढले होते. ते आधी कागदाकडेच वळले. खोली फुटपट्टीने मोजून त्यांनी चौकटींच्या कागदावर उतरवली. पलंग, कपाट, खुर्ची पुठ्ठ्याची कापून घेतली आणि स्वयंपाकघरात बसून ती कागदावर सरकवू लागले. काकूंनी येऊन पंखा लावला. पलंग उडून गॅसच्या शेगडीखाली गेला.

"अहो, खरा पलंग पण एवढ्या सहज हलणार आहे का?"

"आधी कागदावर जमलं, की जमिनीवर जमतंच," काका शेगडीखालून म्हणाले. कचेरीत ते तसं जमत आलं होतं, कारण तिथं जमीन हलवायची नसे.

रंगाचा प्रश्न काकांनी त्याहून धीटपणे सोडवला. प्रत्येक घराच्या माळ्यावर उरलेल्या रंगाचा एखादा डबा असतोच. तो टाकवत नाही आणि पुरतही नाही. एरवी साखर मागायलाही काकूंना पुढे करणारे काका स्वतः इमारतीतल्या तीन दारांवर गेले. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी दवाखान्याचा हिरवा दिला. शेजारच्या शिंप्याने दुकानातला गुलाबी दिला. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या बाईंनी पिवळा दिला, आणि कुंचला धुऊनच परत करण्याची ताकीद दिली.

तिन्ही डबे एका बादलीत ओतून काकांनी ढवळले. काकूंनी बादलीत वाकून पाहिलं.

"याला काय म्हणायचं?"

"सुकल्यावर कळेल."

सुकल्यावरही कळलं नाही. मात्र डाग गेला, हे खरं. शनिवारी संध्याकाळी भिंतीकडे बघून काकांना हे बरं झालंय असं वाटलं, पण स्वतःच्या वाटण्यावर त्यांचा फारसा विश्वास नसल्याने त्यांनी काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, "उजव्या कोपऱ्यात रंग संपला वाटतं." खरंच संपला होता. माणूसभर उंचीचा एक पट्टा कोरडा राहिला होता, आणि तो रंग पुन्हा बनवणं बनवणाऱ्यालाही शक्य नव्हतं.

पण काका आता मागे हटणारे नव्हते. पट्ट्यासमोर कपाट उभं करायचं, कपाटाच्या जागी पलंग आणायचा. त्यांनी पुठ्ठ्याचे तुकडे सरकवले. पलंग दाराकडच्या भिंतीला बोटभर जागाही वाया न घालवता असा बसला, की काकांना कचेरीतले जुने साहेब आठवले आणि हे बघायला ते हवे होते असं वाटलं.

रविवारी सकाळी काकू अक्काला आणायला स्टँडवर गेल्या. "तुम्ही येईपर्यंत खोली तयार," काका म्हणाले आणि सदऱ्याच्या बाह्या सारून आत शिरले. त्यांनी कपाट रिकामं करून इंच इंच ढकलत पट्ट्यासमोर नेलं. मग पलंग वळवताना दार मधे यायला लागलं, म्हणून ते लावून घेतलं. भिंतीला पाय रोवून, पाठ लावून त्यांनी पलंग रेटला. तो सरकला, सरकला, आणि 'खट्' करून जागेवर बसला. आखलेल्या रेषेवर, तंतोतंत.

काकांनी घाम पुसला, मागे होऊन खोली पाहिली, आणि दार उघडायला गेले. दार चार बोटं उघडलं आणि पलंगावर आपटलं.

काकांनी ते लावून पुन्हा उघडून पाहिलं. पुन्हा चार बोटंच. मग त्यांना उमगलं. त्यांनी नकाशात दाराची जागा मोकळी सोडली होती, अगदी मोजून सोडली होती. पण ते दार आत उघडतं, हे काढलंच नव्हतं. चौतीस वर्षांत त्यांनी हजारो शेतं काढली होती. शेताला वाट असते. दार नसतं.

त्यांनी पलंग मागे ओढला. तो हलला नाही. वाकून पाहिलं, तर इतकी वर्षं कपाटाखाली झाकलेली फरशी फुटकी निघाली होती आणि पलंगाचा पाय त्या खड्ड्यात जाऊन बसला होता. पलंग ढकलणं एकट्याचं काम होतं, उचलणं दोघांचं. आणि आत ते एकटेच होते. खिडकी होती, पण ती छताजवळ आणि मांजराच्या मापाची.

बाहेर रिक्षा थांबली.

"कुठाय तो?" अक्काचा आवाज आला.

"आत आहेत. तुमची खोली तयार करतायत," काकू कौतुकाने म्हणाल्या, आणि त्यांनी दार ढकललं. दार चार बोटं उघडलं. फटीत काकांचा एक डोळा दिसला.

"ये अक्का. प्रवास कसा झाला?" डोळा म्हणाला.

"प्रवास झाला मेला चांगला. तू बाहेर ये."

"त्याला जरा वेळ लागेल."

काय झालंय ते काकांनी फटीतून सविस्तर सांगितलं. अक्काने सगळं ऐकून घेतलं, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "गाढवा, स्वतःला आत ठेवून दार बंद केलंस?"

काकांना एकाच वेळी लाज वाटली आणि फार बरं वाटलं.

आवाज ऐकून डॉक्टर आले, वरच्या बाई आल्या. सुताराला फोन लावला, तो मेव्हण्याच्या गावी गेला होता. शिंपी दुकान उघडं टाकून आला आणि त्याने आधी आत डोकावून घेतलं.

"काका, माझा गुलाबी कुठंय?"

"सगळीकडे थोडा थोडा आहे."

"मला तर सगळा दवाखानाच दिसतोय."

"छे, आमचा इतका मळकट नव्हता," डॉक्टर म्हणाले.

"आणि माझा कुंचला?" बाईंनी विचारलं.

"धुतलाय बाई. पण तो आत आहे."

काकूंना वेगळीच काळजी होती. "अहो, तुमचा चहा राहिलाय." कप फटीतून जाईना. मग डॉक्टरांनी चूळ भरायचे कागदी पेले आणले. चेपून ते आत जात होते, पण चहा बाहेरच राहत होता.

"पुरे झालं!" अक्का म्हणाली. तिने खुर्ची मागवली, ती बरोबर फटीसमोर ठेवून घेतली आणि बसली. "बिजागऱ्या कुणाच्या बाजूला आहेत?"

"माझ्या," आतून काका म्हणाले.

"मग खोल."

"अक्का, त्यांच्यावर पन्नास वर्षांचा रंग आहे. मला नाही जमायचं."

"खोली रंगवायला जमलं ना?"

"तेही जमलेलं नाही. उजव्या कोपऱ्यात—"

"स्क्रूड्रायव्हर द्या रे त्याला कुणीतरी!"

पुढचा दीड तास अक्का बोलत होती आणि काका खोलत होते. "उलटा फिरव." "उलटाच फिरवतोय." "माझ्या उलटा की तुझ्या?" "अक्का, तू बाहेर आहेस, तुला काय कळतंय!" "मला कळत नव्हतं तर सायकल शिकवली कुणी तुला?" "तू शिकवलीस म्हणून तर विहिरीच्या काठावर गेलो!" काकूंनी लग्नानंतर पहिल्यांदाच काकांना ओरडताना ऐकलं. त्या घाबरून मधे पडणार होत्या, पण अक्काच्या तोंडाकडे बघून थांबल्या. अक्का हसत होती.

शेवटचा स्क्रू निघाला. बाहेरून डॉक्टरांनी आणि शिंप्याने दार उचलून धरलं, आतून काकांनी वरचं टोक ओढलं, आणि अक्कासाठी मांडलेल्या पलंगावर आधी दार आडवं झालं. काका त्याच्यावरून रांगत बाहेर आले. शिंप्याने टाळ्या वाजवायला सुरुवात केली, पण कुणी साथ दिली नाही.

अक्का उठून चौकटीत उभी राहिली. तिने भिंत पाहिली, कपाट पाहिलं. कपाट पट्ट्यापेक्षा अरुंद निघालं होतं, त्यामुळे पट्टा दोन्हीकडून डोकावत होता. फुटकी फरशी पाहिली. काका तिच्या मागे, शाळेत निकालाच्या दिवशी उभे राहत तसे उभे होते.

"या खोलीत मी राहायची नाही," अक्का म्हणाली.

"धाकट्याकडे गॅलरी आहे," काका हळूच म्हणाले. निदान खरं तरी बोलावं, असं त्यांना वाटलं.

"माहितीये. फोटो मलाही आलेत." अक्का मागे फिरली आणि पुढच्या खोलीत, काका-काकूंच्या पलंगावर जाऊन बसली. तिथून रस्ता दिसत होता, जिना दिसत होता आणि स्वयंपाकघरही दिसत होतं. "मी इथं झोपीन. मागची तुम्हा दोघांना."

"अगं, पण ती खोली मी तुझ्यासाठी केली!"

"म्हणूनच. केलीस तू, राहा तू."

चार दिवस की कायमचं, हे काही ती बोलली नाही, आणि विचारायचं धाडस काकांना होईना. रात्रीच्या जेवणालाही तो विषय निघाला नाही.

सोमवारी सकाळी सुतार दार बसवायला आला. अक्काने त्याला चौकटीपाशीच अडवलं.

"दार नको. यांना हाक मारली की ऐकू येत नाही."

"मग या दाराचं काय करू, आजी?"

"चार पाय लाव त्याला. मला खिडकीशी टेबल हवंय. चांगलं भक्कम कर."

सुताराने दार उलटं करून पाहिलं, ठोकून पाहिलं. "करतो. पण माझ्या हातात दुसरं काम आहे. पंधरा दिवस तरी लागतील."

काका हातातला चहा तसाच धरून अक्काकडे बघत राहिले.

"लागू देत," अक्का म्हणाली. "मला कुठं जायचंय?"