दूरबोलीची पाठ

श्रीकुतूहलदेवता प्रसन्न असो. शके एकोणीसशें चव्वेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सरे, ते समयीं अमुक एका राज्यांत दाजीबा टिपणीस म्हणोन गृहस्थ दातांच्या कवळ्या करावयाचे कामीं मोठे कुशल होते. त्यांणीं बाळपणीं एक चित्रपट पाहिला. त्यांत नभोनौकेचा सरदार दूर ताऱ्यापाशीं एकटा अडकतो, आणि मुठीएवढें एक यंत्र, नांव दूरबोली, मुखाशीं धरोन पृथ्वीवरील लेकीशीं बोलतो. तें यंत्र दाजीबांचे चित्तांतून गेलें नाहीं. मग उतारवयांत मनसुबा केला कीं हुबेहूब दूरबोली सिद्ध करावी आणि प्रतिकृति करणारांचे दरबारीं, जेथें उत्तम कामास बक्षीस देत, रुजू करावी. मग चित्रपट थांबवून थांबवून न्याहाळिला, आणि मेण ओतिलें, आणि दातांस देतात तैसा रंग देऊन जुनेपणा आणिला, आणि पुढील बाजू ऐसी उतरली कीं जणूं पडद्यावरोनच उचलिली. परंतु पाठ कोठेंच दिसेना. सरदाराचा पंजा सदैव आड. मग आपले बुद्धीनें पाठ रचिली, पितळी चक्रें आणि निळे दिवे बसविले, बहुत शोभा आली, तरी जीव स्वस्थ होईना. कुटुंब सगुणाबाई यांणीं पुसिलें कीं, जी बाजू कोणीं पाहिलीच नाहीं ती चुकली हें कोण सांगणार? दाजीबा बोलिले, "कोणी सांगणार नाहीं. पण होतें काय, हें मला कळलें पाहिजे."

मग शोध करितां वर्तमान आलें कीं मूळ यंत्र घडविणाऱ्या कुमुदबाई पाठारे वृद्ध होऊन समुद्रकिनारीं राहतात. दाजीबा दूरबोली रुमालांत बांधोन तेथें गेले. बाईंनीं पुढील बाजूची तारीफ केली, आणि पाठ उलटोन पाहिली आणि हंसल्या. मग सांगितलें कीं, सरदाराचें सोंग घेणारे नट तेव्हां आजारी होते, हात कांपे, यंत्र वारंवार पडे, आणि ही गोष्ट फुटती तर त्यांचें काम जातें. म्हणोन बाईंनीं गुपचूप पाठीस अंगठ्यापुरती खोबण कोरिली आणि आंत चामडें लाविलें. लोक म्हणत, लेकीशीं बोलतांना काय सुरेख हात कांपविला! बाईंनीं गुपित राखिलें. आतां नट वारले, सांगावयास हरकत नाहीं. दाजीबांणीं पुसिलें, खोबण केवढी? बाईंनीं मेण मागोन घेतलें, अंगठा तिरपा रोविला आणि म्हणाल्या, "एवढी. घट्ट धरायला नव्हे हो, नुसता आधार वाटायला."

मग दाजीबा घरीं आले. चक्रें काढावयास मन धजेना, कैक दिवस यंत्र तैसेंच ठेविलें, आणि एके सकाळीं सर्व खरवडोन काढिलें आणि खोबण कोरिली. दरबारीं परीक्षकांणीं पुढील बाजू वाखाणिली, आणि पाठ पाहोन म्हणाले कीं ही अपुरी राहिली. दाजीबांणीं वाद न करितां यंत्र त्यांचे हातीं दिलें. अंगठा आपसूक जागीं बसला. परीक्षकांणीं यंत्र मुखाशीं नेलें. मग हळूच पुसिलें, "हा कोणाचा हात?"

बक्षीस दुसऱ्यास गेलें. दाजीबा समाधानें परतले. घडलें तैसें लिहिलें. न्यून तें वाचणारांणीं सांभाळोन घ्यावें.