संथ वादनाचा सिद्धांत

पियानोवाल्या बाई चार वाजता येणार होत्या आणि सव्वातीनला फ्रिज बंद पडला. कानसेनांना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. उलट बरंच झालं, असं ते बायकोला म्हणाले. नाहीतरी संगीत चालू असताना त्याची घरघर नको म्हणून प्लग काढावाच लागतो. गेली अकरा वर्षं दर रविवारी तो मध्येच काढला आणि मध्येच लावला जात होता, आणि फ्रिजनं जीव सोडला तो त्यामुळेच. बायकोनं वाद घातला नाही. तिनं सरळ आपल्या भावाला फोन केला. तो फ्रिज दुरुस्तीचीच कामं करायचा.

कानसेन हे नाव त्यांना ऑफिसातल्या लोकांनी चेष्टेत दिलं होतं, आणि यांनी ते पदवीसारखं घेतलं. दिवसा ते विम्याच्या फायली तपासत; पण तो पोटापाण्याचा भाग झाला. खरे ते रेकॉर्डींचे जाणकार. घरात चौदाशे रेकॉर्डी होत्या आणि सगळ्या एकाच जातीच्या: एकोणिसाव्या शतकातलं, रोमँटिक काळातलं, पियानो आणि तंतुवाद्यांनी मिळून चार-पाच जणांत वाजवलेलं संगीत. ऑर्केस्ट्रा म्हणजे बाजार आणि एकटा पियानो म्हणजे बोटांची कसरत. कुणी गाण्याचं नाव काढलं तर ते नाक मुरडत आणि खिडकीबाहेर बघत.

प्रत्यक्ष मैफलीला ते जात नसत, कारण तिथं लोक खोकतात आणि वादक घाई करतात. सीडीला घरात थारा नव्हता. तिच्यातही वादक घाईच करत. रेडिओवर तर विचारूच नका. सगळं जग कुठली तरी गाडी पकडायला निघाल्यासारखं वाजवत होतं. फक्त कानसेनांच्या घरी, त्यांच्या परदेशी रेकॉर्डप्लेयरवर, वादक सावकाश, खर्जात, जिवाच्या तळातून वाजवत. यावरून त्यांनी सिद्धांत काढला की जुने थोर वादक मुळात संथच वाजवायचे. सिद्धांताचा तीनशे पानांचा ग्रंथ झाला. त्यात एक अख्खं प्रकरण रेकॉर्डींच्या वेष्टनांवर छापलेल्या खोट्या वेळांवर होतं. वेष्टनावर अडतीस मिनिटं लिहिलेली रचना घरी सव्वापंचेचाळीस मिनिटांच्या पुढे जायची. म्हणजे कंपन्यांना साधं घड्याळही कळत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. तशी पत्रंही त्यांनी कंपन्यांना पाठवली होती. उत्तर आलं नाही, म्हणजे त्यांना ते पटलं असणार.

ग्रंथाचं घोडं अडलं ते प्रकाशकापाशी. तो म्हणाला, तुम्हाला कोण ओळखतं? पियानोवाल्या बाईंची प्रस्तावना आणा, उद्या छापायला घेतो. नाहीतर बाड घेऊन जा. बाईंनी पस्तीस वर्षांपूर्वी चार तंतुवादकांना बरोबर घेऊन एका पियानो क्विंटेटची रेकॉर्ड केली होती. ग्रंथाचं नववं प्रकरण सबंध त्या रेकॉर्डीवर होतं आणि त्यात बाईंना संथपणाचं शिखर म्हटलं होतं. बाड आठवडाभर बाईंकडे होतं. एकदा ती रेकॉर्ड तुमच्याकडे ऐकते आणि तिथंच बसून चार ओळी लिहिते, असा त्यांचा निरोप आला, तेव्हापासून कानसेनांचा पाय जमिनीवर नव्हता. अकरा वर्षांची मेहनत आज दुपारी फळणार होती.

बाई बाड घेऊन चारच्या ठोक्याला आल्या. पंचाहत्तरीच्या, ताठ आणि मोजकं बोलणाऱ्या. कानसेनांचं श्रवण मंडळ आधीच हजर होतं. मंडळ म्हणजे एक दातांचे डॉक्टर आणि दोन निवृत्त गृहस्थ. तिघंही डोळे मिटून ऐकण्यात तरबेज होते, आणि एकाला त्या अवस्थेत घोरण्याचीही सवय होती. स्वयंपाकघरात मेहुणा फ्रिज उघडून बसला होता. त्याला पाना खाली ठेवतानासुद्धा आवाज करायचा नाही, अशी सक्त ताकीद मिळाली होती.

रेकॉर्ड सुरू झाली. मंडळाचे डोळे मिटले. बाईंची बोटं नकळत खुर्चीच्या हातावर चालू लागली आणि थोड्या वेळानं थांबली. पुन्हा चालली, पुन्हा थांबली. बोटं ओळीच्या शेवटाला पोचून वाट बघत बसत आणि मागून पियानो धापा टाकत येई. कानसेनांना वाटलं, बाई भावनेनं गलबलल्या.

स्वयंपाकघराच्या दारातून मेहुणा म्हणाला, "दाजी, याची मोटर हळू फिरतेय."

कानसेनांनी त्याच्याकडे जो कटाक्ष टाकला त्यानं भलाभला गार पडला असता. पण बाईंनी हात वर केला आणि त्याला जवळ बोलावलं. मेहुण्यानं रेकॉर्डप्लेयर मागून वाकून पाहिला, पाठीवरची पट्टी वाचली आणि फ्रिजबद्दल सांगावं तितक्याच शांतपणे सांगितलं की हे मशीन साठ सायकलच्या विजेसाठी बनवलंय आणि आपल्याकडची वीज पन्नास सायकलची. जिथं सहा फेरे व्हायला हवेत तिथं पाचच होतायत. बाहेरून आणलेल्या फ्रिजांचंही असंच होतं. मोटरवरची छोटी चकती बदलली की झालं, आणि ती बहुतेक खोक्यातच येते.

बायकोनं माळ्यावरून खोकं काढून आणलं. त्यात खरंच एक पुडी होती, वर माहितीपत्रक, आणि दोन्हींचं सील शाबूत. असले कागद नवशिक्यांसाठी असतात, असं म्हणून कानसेनांनी अकरा वर्षांपूर्वी ते खोकं बंद केलं होतं.

चकती बदलायला दहा मिनिटंही लागली नाहीत. सुई पुन्हा टेकली आणि खोलीत भलतंच काहीतरी सुरू झालं. पियानो उसळत होता, व्हायोलिनं त्याच्या मागे धावत होती, चेलो मध्येच हसल्यासारखा काहीतरी बोलून जात होता. डॉक्टर हळूच म्हणाले की त्यांना पहिल्यापासून शंका होतीच. निवृत्त गृहस्थांनाही होती. घोरणारा तर टक्क जागा होता.

कानसेनांच्या तोंडचं पाणी पळालं. तीनशे पानं डोळ्यांसमोर एकेक करून गळायला लागली. आणि तरी, मेल्याहून मेल्यासारखं झालेलं असताना, त्यांना ते आवडलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच पुढे काय येणार याची त्यांना उत्सुकता वाटली. रेकॉर्ड संपली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते.

"बाई, माफ करा," ते म्हणाले, "ते बाड परत द्या. मी जाळून टाकतो."

बाईंनी बाड छातीशी धरलं. "जाळायचं कशाला? ही रेकॉर्ड आली तेव्हा पेपरात काय छापून आलं होतं माहितेय? बाईंना एवढी घाई कसली, घरी दूध उतू जातंय की काय, म्हणून. लोक रेकॉर्ड विसरले, मला विसरले. ते दूध मात्र कुणी विसरलं नाही. आणि तुम्ही लिहिलंय, हिच्याइतका धीर कुणातच नाही." त्यांनी पर्समधून पेन काढलं. "प्रस्तावना मी आत्ता लिहिते. फक्त ती जुनी चकती परत बसवा. पुस्तक वाचून लोक तुमच्याकडे ऐकायला येतील. त्यांना हेच ऐकू आलं पाहिजे, तुम्ही लिहिलंय ते."

खोलीत कुणी कुणाकडे बघेना. कानसेनांनी मेहुण्याकडे पाहिलं.

"नीट चालणारं मशीन बिघडवून द्यायचं काम मी करत नाही, दाजी," तो म्हणाला. "हवा तर स्क्रूड्रायव्हर देतो." स्क्रूड्रायव्हर हातात देऊन तो फ्रिजकडे गेला.

मग कानसेन, ज्यांनी आयुष्यात कधी साधा बल्ब बदलला नव्हता, गुडघ्यांवर बसले. नवी चकती काढून जुनी बसवायला त्यांना पाऊण तास लागला. स्क्रू दोनदा सोफ्याखाली गेला, बोटाचं साल निघालं. बायको दारात उभी राहून बघत होती. मदतीला ती आली नाही. मंडळ छताकडे बघत बसलं.

शेवटी सुई टेकली. मंडळानं डोळे मिटले आणि डॉक्टरांनी खोलवर सुस्कारा सोडून "काय खोली आहे" म्हटलं. बाई भराभर लिहीत होत्या. कानसेन आपल्या खुर्चीत बसले. पियानो कण्हत होता, व्हायोलिनं गुडघे दुखत असल्यासारखी जिना चढत होती, आणि त्यांना प्रत्येक सूर उशिरा येताना स्पष्ट ऐकू येत होता. त्यांनी कान बंद करून घेण्याचा प्रयत्न केला, पण ते आता जमेना. ग्रंथ छापला जाणार होता. लोक येणार होते. दर रविवारी हेच लावायचं होतं.

बाईंनी लिहिता लिहिता मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, तशी कानसेनांनी मान डोलवली.