तीन कुलपांचं कपाट

“या वर्षी पडदा काढायचा,” पद्मजा म्हणाली, आणि सभेतल्या तिन्ही ज्येष्ठ विश्वस्तांच्या हातातले चहाचे कप एकदमच बशीत टेकले.

हिंदी मुलखातल्या या शहरात, सदर बाजाराच्या मागच्या गल्लीत मराठी मंडळींचं एक लहानसं दत्तमंदिर आहे. त्यात पुरुषभर उंचीचं एक लोखंडी कपाट आहे आणि कपाटात देवाच्या चांदीच्या पादुका आणि छत्र. ही चांदी वर्षातून एकदाच, दत्तजयंतीला बाहेर निघते. ज्या पूर्वजांनी हा ट्रस्ट केला ते एकमेकांना पुरते ओळखून होते. म्हणून त्यांनी कपाटाच्या दाराला तीन कुलपं बसवली आणि तीन विश्वस्तांकडे एकेक किल्ली दिली. एकाची किल्ली दुसऱ्याच्या नजरेसही पडू नये म्हणून कपाटापुढे लाल पडदा लावला. वयाच्या क्रमाने एकेकाने पडद्याआड जायचं, आपलं कुलूप उघडायचं, बाहेर यायचं. शेवटच्याने मूठ खाली दाबून दार उघडायचं. बंद करतानाही तसंच. पुढच्या पिढ्यांनी या संशयाला परंपरा म्हटलं आणि पडद्याला दर वर्षी हळदकुंकू वाहायला सुरुवात केली.

“पडदा काहून काढायचा?” तिघांत वयाने मोठे असलेल्या भय्यासाहेबांनी विचारलं.

“काका, चांदीचा विमा उतरवायचाय. तिन्ही कुलपं किल्लीनं उघडताना दिसतील असा व्हिडिओ हवा, असं विमा कंपनीचं म्हणणं आहे.” पद्मजा दोन वर्षांपूर्वी बदली होऊन पुण्याहून इथल्या एका बँकेत आली होती. ऑनलाइन फॉर्म भरता येतात एवढ्या एका गुणावर मंडळींनी तिला चिटणीस करून टाकलं होतं.

“देवाच्या चांदीला उघड्यावर दृष्ट लागते बाई,” इंदिराबाई म्हणाल्या. त्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या आणि आजवर दृष्ट वगैरे मानणाऱ्यांना त्यांनी फैलावर घेतलं होतं.

विष्णुपंत वकील होते. “ट्रस्ट डीडच्या सातव्या कलमात पडदा आहे,” ते म्हणाले. “पडदा काढला तर डीडच धोक्यात येईल, हे लक्षात घ्या.”

“आणि मुख्य म्हणजे विश्वास,” भय्यासाहेब म्हणाले. “तीस वर्षांत आम्ही एकमेकांना कधी विचारलं नाही की बाबा, तू आत काय करून राहिला. याले म्हणतात विश्वास.”

“बँकेत लॉकर उघडताना दोघं एकमेकांसमोरच किल्ली लावतात, काका. त्यात अविश्वास कसला?” पद्मजा म्हणाली. बाकीच्या सभासदांना विमा हवा होता. पडदा काढायचा असं ठरलं आणि तिन्ही विश्वस्त चहा अर्धवट टाकून घरी गेले.

भय्यासाहेबांची अडचण अशी होती की त्यांचं कुलूप अकरा वर्षांपूर्वीच बिघडलं होतं. त्या वर्षी पडद्याआड त्यांनी किल्ली फिरवली आणि ती गरगर फिरतच राहिली. कुलूप उघडंच होतं आणि ते पुन्हा लागेना. बाहेर येऊन सांगावं तर नाचक्की. खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत स्टोअरकीपर म्हणून त्यांनी आयुष्य काढलेलं, एक स्क्रू इकडचा तिकडे होऊ दिला नाही. गावाला जाताना गल्लीतली सात घरं आपल्या किल्ल्या त्यांच्याकडे ठेवून जात. आरतीआधी दर वर्षी ‘विश्वास’ या विषयावर चार शब्द तेच बोलत. अशा माणसाचं कुलूप बिघडलेलं असून चालत नाही. त्यांनी विचार केला, विष्णुपंतांचं आणि इंदिराबाईंचं अशी दोन कुलपं तर भक्कम आहेत. तेव्हापासून ते दर वर्षी पडद्याआड जात, वीसपर्यंत आकडे मोजत, खोकत आणि बाहेर येत.

आता व्हिडिओ निघणार होता, आणि साऱ्या समाजापुढे ती किल्ली गरगर फिरणार होती.

“काय झालं हो? दोन दिवस झाले, जेवण जाऊन नाही राहिलं तुम्हाला,” सुहासिनीबाई म्हणाल्या.

“काही नाही. ट्रस्टचं काम आहे.”

हे उत्तर सुहासिनीबाईंना पाठ होतं. कपाटाची किल्ली नवऱ्याच्या जानव्याला असते, आंघोळीलाही सुटत नाही, आणि तिला हात लावायचा नाही, एवढंच त्यांना तीस वर्षांत कळलेलं. देवळाच्या दाराची किल्ली मात्र त्यांच्याकडे होती, कारण दर गुरुवारी झाडलोट आणि दिवाबत्ती त्याच करत. त्या किल्लीला कोणी किल्लीत धरतच नव्हतं.

भय्यासाहेब मफलर गुंडाळून बाजारातल्या बड्या फुहाऱ्याच्या चौकात गेले. तिथे फुटपाथवर एक जुना चाबीवाला बसतो.

“भैया, मंदिर की एक अलमारी है। चुपचाप आके ताला ठीक करना है।”

“अकेले आदमी के कहने पे हम मंदिर की अलमारी नहीं छूते, बाबूजी। जितने ट्रस्टी हैं, सबको साथ लाओ, दस्तखत करो। सुबह से यही समझा रहा हूँ।”

“किसको समझा रहे हो?”

“जो आता है उसको।”

भय्यासाहेबांना अपमान वाटला. “अरे, मेरे पास सात घरों की चाबियाँ रखी हैं। मोहल्ले में पूछ लो।”

“तो उनके ताले खुलवा लीजिए,” चाबीवाला म्हणाला. मग त्याला दया आली असावी. “तब तक तेल डाल के देखो। कभी-कभी पकड़ लेता है।”

दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी दुपारी भय्यासाहेबांनी शिलाई मशीनच्या तेलाची कुपी खिशात घातली आणि देवळाची किल्ली मागितली.

“उघडंच आहे देऊळ,” सुहासिनीबाई म्हणाल्या. “विष्णुपंत आत्ताच चाबी घेऊन गेले.”

देवळात विष्णुपंत पडद्यासमोर मांडी घालून बसले होते. त्यांच्या कोटाच्या खिशावर तेलाचा मोठा डाग पडला होता.

“तुम्ही काय करून राहिले इथं?” भय्यासाहेबांनी विचारलं.

“जप. तुम्ही?”

“मी पण जपच.”

एवढ्यात पडदा हलला आणि आतून इंदिराबाई बाहेर आल्या. “पडद्याच्या कड्या पाहून राहिले होते,” त्या कोणी न विचारताच म्हणाल्या आणि हातातली कुपी त्यांनी पदराखाली घेतली. त्यांचा चेहरा काही कड्या जमल्यासारखा दिसत नव्हता.

मग तिघं बसले. प्रत्येकजण उरलेल्या दोघांच्या उठण्याची वाट बघत होता. भय्यासाहेबांनी विष्णुपंतांना त्यांच्या कोर्टाची आठवण करून दिली. विष्णुपंतांनी इंदिराबाईंना त्यांच्या दुखऱ्या गुडघ्याची आठवण करून दिली. इंदिराबाई म्हणाल्या की घरी जाऊन तरी काय करायचं, इथं बरं वाटून राहिलं. तासाभराने शांतता असह्य झाली तेव्हा भय्यासाहेबांनी एक भजन सुरू केलं आणि बाकीच्या दोघांना साथ द्यावी लागली. साडेपाचला सुहासिनीबाई दिवा लावायला आल्या. तिघांची भक्ती पाहून त्या दारातच थबकल्या आणि सगळ्यांसाठी चहा घेऊन आल्या. चहा झाल्यावर तिघं एकदमच उठले, कारण एकाला मागे ठेवून जायला कोणी तयार नव्हतं.

दत्तजयंतीला देऊळ भरलं. पडदा काढून ठेवलेला होता. पद्मजाने मोबाइल स्टँडवर लावला आणि ती कपाटाच्या बाजूला उभी राहिली. “भय्यासाहेब काका, आधी तुम्ही.”

भय्यासाहेबांनी जानव्यातून किल्ली काढली. बायकांच्या रांगेत पहिल्या ओळीत सुहासिनीबाई बसल्या होत्या, त्यांच्याकडे त्यांनी बघायचं टाळलं. किल्ली घातली, फिरवली. ती एक पूर्ण चक्कर मारून जागेवर आली. त्यांनी जिभेने ‘टक’ असा आवाज काढला आणि म्हणाले, “उघडलं.”

“काका, परत एकदा दाखवाल? किल्ली गोल फिरल्यासारखी वाटली.”

समोर त्या सात घरांतली माणसं बसली होती. भय्यासाहेबांनी पुन्हा किल्ली फिरवायला हात उचलला आणि मग खाली घेतला. त्यांना एकदम फार थकल्यासारखं वाटलं.

“पुन्हा पण तशीच फिरेल,” ते म्हणाले. “कुलूप बिघडलेलं आहे. अकरा वर्षं झाली. मी कोणाला सांगितलं नाही. तुम्ही माझ्यावर भरवसा ठेवला आणि मी आत जाऊन वीस आकडे मोजून बाहेर येत होतो. माफ करा.” त्यांनी किल्ली परत जानव्याला अडकवली. “पण चांदीची काळजी नका करू. विष्णुपंतांचं अन् इंदिराबाईंचं कुलूप पक्कं आहे.”

लोक विष्णुपंतांकडे बघू लागले. विष्णुपंतांनी घसा खाकरला. कोर्टात ते कधी अडखळत नसत. “असं आहे,” ते म्हणाले, “की माझं कुलूप नऊ वर्षांपासून लागून नाही राहिलं. पण मला वाटलं, भय्यासाहेबांसारखा माणूस आहे, त्यांचं कुलूप आहे. इंदिराबाईंचं आहे.”

आता एकच कुलूप उरलं. सगळं देऊळ इंदिराबाईंकडे वळलं. पस्तीस वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवलेल्या त्या बाईंनी पदर सारखा केला.

“माझ्या कुलपात तर लावताना चाबीच तुटली होती, ते लागलंच नाही,” त्या म्हणाल्या. “सात वर्षं झाली. मला वाटलं, तुमची दोघांची आहेत ना.”

पद्मजाने नुसती मूठ धरून खाली दाबली आणि कपाट उघडलं.

ते इतक्या सहज उघडलं की मागच्या रांगेतले लोक उभे राहिले. सात वर्षं देवाची चांदी एका उघड्या कपाटात होती. भय्यासाहेबांना आत बघवेना. सगळं गेलं, असंच त्यांच्या मनाने घेतलं.

“सगळं आहे,” पद्मजा म्हणाली. “पादुका, छत्र. सगळं आहे, काका.”

आणि सगळं लखलखत होतं. वर्षभर बंद कपाटात राहूनही ही चांदी काळी पडत नाही, ही देवाची कृपा, असं भय्यासाहेब गेली काही वर्षं भाषणात सांगत. पद्मजाने पादुका उचलल्या. त्यांच्या मागे पांढऱ्या दंतमंजनाचा एक डबा होता, आणि डब्यावर नीट घडी घातलेलं एक फडकं. तिने ते फडकं उलगडून उंच धरलं. ती एक जुनी बनियन होती. पाठीवर पिवळ्या दोऱ्याने घातलेली एक टीप होती. ती टीप भय्यासाहेबांनी दहा हातांवरून ओळखली, कारण ती बनियन हरवल्याबद्दल त्यांनी घरात दोन दिवस अबोला धरला होता.

त्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं.

“मी गुरुवारी झाडत होते,” सुहासिनीबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. “झाडू लागला मुठीला अन् दार उघडलं. आत पाहिलं तर चांदी काळी ढुस्स झालेली. मग काय, पुसून ठेवली. तेव्हापासून महिन्यातून एकदा पुसते. जयंतीआधी डबा अन् फडकं घरी नेते, या वेळी तुमच्या चहाच्या गडबडीत राहून गेलं.”

“कधीपासून?” विष्णुपंतांनी वकिली सुरात विचारलं.

“सहा वर्षं तर झाली असतील.”

“अन् कोणाला बोलल्या नाही तुम्ही?”

“कोणाला बोलू? यांनाच बोलायला गेले होते. ते म्हणाले, ट्रस्टचं काम आहे, तू मधात नको पडू.”

देवळात कोणीतरी हसलं, मग सगळंच देऊळ हसलं. आरती झाली. त्या वर्षी विश्वासावर भाषण झालं नाही आणि कोणी आठवणही केली नाही.

आठवड्याने तिघं विश्वस्त एकत्र बड्या फुहाऱ्याला गेले आणि चाबीवाल्यासमोर दस्तखत केले. “तीनों को अलग-अलग तो पहचानता हूँ,” तो म्हणाला, “साथ में आज देखा।” कपाटाला एकच नवं, दणकट कुलूप बसलं. विम्याच्या फॉर्मवर ‘किल्ली कोणाच्या ताब्यात’ या रकान्यात पद्मजाने कोणालाही न विचारता सुहासिनीबाईंचं नाव लिहिलं.

सुहासिनीबाईंनी ती किल्ली स्वयंपाकघरात, चहाच्या गाळणीशेजारी खिळ्याला टांगली. भय्यासाहेब दिवसातून पाच वेळा पाणी प्यायला स्वयंपाकघरात जाऊ लागले. किल्ली जागेवर असे. त्यांनी एकदा सुचवून पाहिलं की गाळणीच्या मागे टांगली तर बरं. सुहासिनीबाईंनी नुसतं त्यांच्याकडे बघितलं आणि ते परत आपल्या खुर्चीत जाऊन बसले.

पुढच्या महिन्यातल्या गुरुवारी त्या झाडू आणि दंतमंजनाचा डबा घेऊन निघाल्या. भय्यासाहेबांचं लक्ष खिळ्याकडे गेलं.

“अगं, चाबी राहिली.”

“नाही लागत.”

“काहून?”

“नवं कुलूप भारी कडक आहे हो. माझी बोटं दुखतात.” त्या चपला घालत होत्या. “मागच्या खेपेला लावलंच नाही मी.”

भय्यासाहेबांच्या डोळ्यांसमोर विमा कंपनी, पद्मजा, विष्णुपंत आणि तो चाबीवाला ओळीने येऊन गेले. त्यांनी दारातून डोकावून गल्लीत कोणी नाही ना ते पाहिलं.

“कोणाला माहीत आहे?” त्यांनी शेवटी हळूच विचारलं.

“आता तुम्हाला माहीत आहे.”

एवढ्या वर्षांच्या संसारात सुहासिनीबाईंनी त्यांना सांगितलेलं ट्रस्टचं हे पहिलंच गुपित. भय्यासाहेब उठले. आतल्या खोलीत जाऊन त्यांनी कपाट उपसलं आणि आपली एक बरी, अजून दोन वर्षं चालली असती अशी बनियन काढून आणली.

“ही घे. ती जुनी फाटत आली असेल,” ते म्हणाले, “अन् थांब जरा, मी पण येतो. छत्र मी पुसतो.”