होग्नीच्या बाहीत अडकलेला वजीर

“आज तुम्मासचा बुक्का पाडूनच येतो!” होग्नीने दारातूनच बायकोला बजावलं.

“अहो, बाही पुरी व्हायचीय! धागा लोंबतोय!” सुन्नेवा ओरडली. पण नवा लोकरी स्वेटर चढवून होग्नी स्पर्धेच्या गावी, क्लाक्सविकला जाणाऱ्या बसमध्ये केव्हाच बसला होता.

तुम्मास म्हणजे फेरो बेटांचा कायमचा बुद्धिबळ विजेता आणि होग्नी कायमचा दुसरा. यंदा शेवटच्या फेरीत दोघांचे गुण सारखे, आणि डावात होग्नीचं एक प्यादं जास्त! त्याने ऐटीत घोडा पुढे सरकवला, हात मागे घेतला, आणि दाव्याला बांधलेल्या मेंढीसारखा त्याचा वजीर मागोमाग निघाला!

पुढच्या खेळीला होग्नीने हात उचलताच वजीर पुन्हा हलला. “शिवलास!” तुम्मास गरजला. “आता वजीरच चालव!”

“मी कुठे? स्वेटर शिवला!”

पंच मारयुनबाई धावत आल्या. “स्वेटरला नियम लागत नाहीत. थांबा, कात्री आणते. तोवर हात लावू नका!”

पण होग्नीला कुठला धीर! त्याने वजीर मुठीत धरला आणि धागा उलगडायला घेतला.

“बाई, बघा! आता तर गळाच धरलाय!”

“होग्नी, काय हो हे!” कात्री घेऊन आलेल्या बाईंनी कपाळाला हात लावला. “आता चालवा वजीर.”

जिकडे जावं तिकडे वजिराचं मरण! होग्नीने डोळे मिटून तो तुम्मासच्या हत्तीच्या तोंडी दिला.

“मुद्दाम दिलास?” तुम्मासने विचारलं.

“घे की!” होग्नीचा आवाज रडवेला होऊन कापला. तुम्मासला वाटलं, गडी हसू दाबतोय!

त्याचे कान लाल झाले. घड्याळ पळत होतं. हत्तीकडे गेलेला हात तीनदा माघारी आला. शेवटी तो पुटपुटला, “बरोबरी?”

शब्द पुरा व्हायच्या आत होग्नीने त्याचा हात धरला. दोघंही विजेते! टाळ्यांनी सभागृह दणाणलं.

“हत्तीने वजीर मारला असता तर काय करणार होतास?” तुम्मासने विचारलं.

“घरी गेलो असतो!”

मारयुनबाईंनी मोहरे पुन्हा मांडले. “छे हो! त्याने वजीर मारला की तुमच्या घोड्याचा शह, आणि लगेच मात. डाव तुमचाच होता, होग्नी!”

दोघंही पटाकडे बघतच राहिले. मग तुम्मास खो-खो हसत सुटला. “चल लेका, पुढच्या वर्षी डोळे उघडे ठेवून खेळू!”

होग्नीने घरी फोन लावला.

“जिंकलात का हो?” सुन्नेवाने विचारलं.

“जिंकत होतो गं,” होग्नी म्हणाला, “पण मला कुणी सांगितलंच नाही!”